विहीर बिघडली, मोल कोणी भरावे?

गावाच्या वेशीबाहेर सडकेवर पेट्रोलपंप असणे ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. यंत्र, नळी आणि गल्ला एवढे आपल्या दृष्टीस पडते. परंतु पंपाचे खरे भांडार भुईखाली असते. हजारो लिटर तेल मावेल अशा टाक्या तेथे पुरलेल्या असतात, आणि आमच्या जिल्ह्यात अकोळनेरच्या डेपोतून निघालेले टँकर अशा टाक्यांत तेल ओततात. लोखंड म्हटले की गंज आला, सांधा म्हटला की झीज आली. घरातील घागर पाझरली तर भुईवर ओल दिसते. भुईखालची टाकी पाझरली तर वर्षानुवर्षे कोणास पत्ता लागत नाही. मग एके दिवशी शेजारच्या विहिरीच्या पाण्यास वास येऊ लागतो, पाण्यावर तवंग दिसतो, आणि गुरेसुद्धा तोंड फिरवितात.

येथे एक बिकट प्रश्न उभा राहतो. टाकीच्या धन्याने हे मुद्दाम केले नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्यांनी तर काहीच केले नाही. तरी पाणी गेले, आणि ते पुन्हा पिण्याजोगे करावयाचे तर पुष्कळ पैसा लागतो. तो पैसा कोणी द्यावा? प्रथमदर्शनी हा वकिलांचा व हिशेबनिसांचा प्रश्न वाटेल. परंतु आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे, आणि ज्या वस्तीस एकाच विहिरीचा आधार आहे तिने तर त्याचा विचार अगत्याने केला पाहिजे.

प्रथम ह्या बिघाडाचे स्वरूप पाहू. आमचा नगर जिल्हा, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव आहे, बहुतेक काळ्या फत्तरावर वसलेला आहे. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम, आणि त्याखाली भेगा पडलेला खडक, अशी येथील जमिनीची रचना आहे. पावसाचे पाणी ह्या मुरमात व भेगांत साठते, आणि तेच आपल्या विहिरींत झिरपते. जी वाट पाण्याची, तीच वाट तेलाची. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे त्याचा मोठा भाग पाण्यावर तरंगतो. परंतु त्यातील काही द्रव्ये पाण्यात विरघळतात. बेंझीन हे त्यांपैकीच एक होय, आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. भेगांतून हे विष कोणत्या दिशेने व किती दूर जाईल हे सांगणे कठीण असते. ते काढावयाचे तर बिघडलेली माती खणून न्यावी लागते, आणि पाणी वर्षानुवर्षे उपसून कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध करावे लागते. ज्या टाकीची डागडुजी थोड्या रुपयांत झाली असती, तिच्या गळतीचा निस्तार करण्यास कित्येक पटींनी अधिक द्रव्य लागते.

टाक्यांच्या गळतीविषयीचा एक मोठा खटला अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने चालविला. त्याची हकीकत आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. शिशाच्या ऐवजी, आणि पुढे धूर कमी व्हावा म्हणूनही, त्या देशात १९७९ पासून पेट्रोलात एमटीबीई नावाचे एक द्रव्य मिसळू लागले होते. ते पाण्यात चटकन विरघळते, लवकर नाहीसे होत नाही, आणि अगदी थोडे असले तरी पाण्यास टर्पेंटाईनसारखी चव आणते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स ह्या भागात शहराच्या मालकीच्या काही विहिरी आहेत. पंपांच्या भूमिगत टाक्यांतून गळलेले पेट्रोल त्यांच्याकडे झिरपले. शहराने तेल कंपन्यांवर दावा लाविला. इतर कंपन्यांनी तडजोड केली. एक्सॉनमोबिल कंपनी मात्र शेवटपर्यंत लढली. तिच्या स्वतःच्या जाणत्या नोकरांनी १९८४ सालीच ह्या द्रव्याच्या धोक्याविषयी इशारा दिला होता, असे पुराव्यात निघाले.

कंपनीचे एक म्हणणे वरवर सयुक्तिक दिसत होते. शहर त्या वेळी ह्या विहिरींचे पाणी पीतच नव्हते. त्याचा मुख्य पुरवठा दूरच्या डोंगरांतील तलावांतून होत असे. मग नुकसान ते कोणाचे? शहराने उत्तर दिले की, ह्या विहिरी दुष्काळाकरिता व पुढील काळाकरिता राखलेली ठेव आहेत. ज्युरीच्या पंचांनी हे मान्य केले. येत्या १५ ते २० वर्षांत शहर ह्या विहिरी वापरावयास घेईल असे त्यांनी ठरविले, आणि विहिरींतील ह्या द्रव्याचे प्रमाण २०३३ साली सर्वांत अधिक होईल असाही निर्णय दिला. म्हणजे ज्यांनी अजून घोट घेतला नाही, कित्येक तर अजून जन्मलेही नाहीत, त्यांचे पाणी हेही न्यायासनापुढे नुकसान म्हणून मोजले गेले.

आता हिशेब पाहा. शुद्धीकरणाचा एकूण खर्च पंचांनी २५ कोटी ५ लाख डॉलर धरला. त्या विहिरींत दुसरी काही दूषित द्रव्ये आधीपासून होती, म्हणून ७ कोटी वजा केले. उरलेल्या १८ कोटी ५ लाखांतील ४२ टक्के भार इतरांच्या पेट्रोलाचा, म्हणून तोही वजा केला. शेवटी २००९ च्या ऑक्टोबरात १० कोटी ४६ लाख ९० हजार डॉलर एक्सॉनमोबिलच्या माथी बसले. वरिष्ठ न्यायालयाने २०१३ साली हा निकाल कायम केला, आणि २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. शिक्षेदाखल निराळा दंड मात्र बसविला गेला नाही. ह्या हिशेबात सूड कोठेच नाही. जेवढे बिघडविले तेवढे भर, दुसऱ्याचे पाप तुझ्या पदरी नाही, आणि तुझे पाप दुसऱ्याच्या पदरी नाही, एवढेच त्याचे सार आहे. न्यायाची तागडी अशी बारकाईने धरली म्हणजे तक्रार करणाऱ्याचाही मान राहतो व देणाऱ्यासही अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

परंतु कोणी विचारील की, ज्याच्या मनात दुष्टबुद्धी नव्हती त्याने का भरावे? ह्याचे उत्तर आमच्या खेड्यातील कोंडवाडा देतो. बैल सुटून दुसऱ्याच्या पिकात शिरला, तर 'मी त्यास शिकविले नव्हते' असे म्हणून धनी सुटत नाही. बैलाची कमाई तो घेतो, म्हणून बैलाने केलेली खराबीही त्यानेच सोसावयाची. मोशेच्या नियमशास्त्रातही, खड्डा खणून तो उघडा टाकणाऱ्याने त्यात पडलेल्या जनावराचे मोल द्यावे, आणि आग पेटविणाऱ्याने तिने जाळलेल्या धान्याची भरपाई करावी, असे विधी आहेत हे आमच्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहेच. बैल पडावा अशी खड्डेवाल्याची इच्छा होती काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. इंग्लंडातही एका गिरणीवाल्याने पाण्यासाठी तलाव बांधविला. त्याखाली जुन्या खाणींची भुयारे होती ती त्यास माहीत नव्हती, आणि पाणी फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ साली तेथील वरिष्ठ सभेने निवाडा दिला की, जी वस्तू सुटली तर हानी करील ती आपल्या जागेत आणून ठेवणाऱ्याने ती आपल्या जोखमीवर ठेवावी. धोका ज्याच्या लाभासाठी, जोखीम त्याची, हे तत्त्व असे फार जुने आहे.

भारतातील न्यायासनाने ह्याहीपुढे पाऊल टाकले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मेली. पुढच्याच वर्षी दिल्लीत एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या प्रकरणी २० डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुळातच घातक असा धंदा करणाऱ्यास 'आम्ही सर्व काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. ह्यानंतर राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावचे प्रकरण आले. तेथे रंगासाठी लागणारे एक आम्ल करणाऱ्या कारखान्यांनी विषारी गाळ व सांडपाणी उघड्यावर टाकले. ते जमिनीत मुरले, विहिरींच्या पाण्याचा रंग पालटला, आणि लोकांचे पिण्याचे पाणी व शेती दोन्ही गेली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने ठरविले की, प्रदूषण करणाऱ्याने पीडितांची भरपाई तर करावीच, शिवाय माती व पाणी पूर्वस्थितीस आणण्याचा खर्चही द्यावा. तो खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. कारखानदार अर्जावर अर्ज करीत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ती रक्कम ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम केला. ह्या १५ वर्षांत बिछडीची किती लेकरे मोठी झाली असतील, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. उशिराने दिलेला न्याय व्याज लावून पैशाची तूट भरू शकतो. ज्या वर्षांत ते पाणी पिता आले नाही ती वर्षे तो परत देऊ शकत नाही.

दूरचे सांगून झाले. आता घरचे पाहू. आमच्या जिल्ह्यात उसाचे मळे, साखर कारखाने व त्यांना जोडलेले मद्यार्क गाळण्याचे कारखाने पुष्कळ आहेत. एक लिटर मद्यार्क काढताना सुमारे ८ ते १५ लिटर मळीचे सांडपाणी निघते; ते नीट बांधलेल्या हौदात न ठेवले, तर जमिनीत मुरून विहिरी तांबूस करते. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीच्या गोदावरी बायोरिफायनरीज ह्या कंपनीविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी अशाच तक्रारीचा दावा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे चालविला. २०१५ साली त्याचा निकाल देताना, जो बिघडवील त्याने भरावे, हेच तत्त्व पीठाने लावले. तेलाची टाकी असो की मळीचा हौद, भुईखालचा पाझर एकच, आणि त्याचा न्यायही एकच.

परंतु आमच्या जिल्ह्यात ह्या प्रश्नास आणखी एक गाठ आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५० पासून शेतकरी हाच कारखान्याचा धनी होऊ लागला. ही थोर गोष्ट होय. तथापि जेथे गाव आणि कारखाना एकच झाले, तेथे विहीर बिघडल्यास तक्रार करावी ती कोणाविरुद्ध? भाऊ सभासद आहे, मुलगा तेथे नोकरीस आहे, ऊस तेथेच जातो. मग शेजारी म्हणतात, 'उगाच बोभाटा करून आपल्याच पोटावर पाय का आणावा?' ही भीती खोटी नाही. गरीब माणसास ती हसण्यावारी नेता येत नाही. तरी आम्ही नम्रपणे विचारतो की, ज्यांचा ऊस नाही, शेअर नाही, नोकरी नाही, केवळ विहीर आहे, त्यांनी काय करावे? धनी अनेक झाले म्हणून देणे नाहीसे होत नाही. ते अनेकांत वाटले जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्यास थोडेच येते. ते थोडे भरण्यास जो सभासद नाखूष असतो, तो आपला वाटा शेजारणीच्या घागरीवर ढकलतो.

आम्हांस ह्या विषयात जे मुख्य सांगावयाचे ते येथेच आहे. बिघडलेल्या पाण्याचा खर्च कधी न भरलेला राहत नाही. तो कोणी तरी भरतोच. ज्याने बिघडविले त्याने नाही भरला, तर ती बाई भरते, जी दोन कोस चालून डोक्यावर हंडा आणते. तो मजूर भरतो, जो दिवसाच्या मजुरीतून पाण्याचे पिंप विकत घेतो. ते मूल भरते, जे पाण्यापायी शाळा बुडविते. तो आजारी भरतो, ज्यास आपला आजार कोठून आला हेही कळत नाही. ह्यांच्या नावे कोणी बिल करीत नाही, म्हणून खर्च झाला नाही असे वाटते एवढेच. न्यायालय जेव्हा धन्याकडून पैसा वसूल करिते, तेव्हा ते नवे ओझे निर्माण करीत नाही. दुर्बलाच्या डोईवर गुपचूप ठेवलेले ओझे ते ज्याचे त्याच्या खांद्यावर परत ठेविते.

आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस हे निराळे समजावून सांगणे नलगे. त्यांच्या आईबापांस गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत. वरच्या काठावरून कोणी ओतील तेवढे पाणी घेऊन ती माणसे परतत. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो हक्क बजाविला, तो प्यावयाच्या पाण्याचाच होता. जी विहीर एवढ्या कष्टाने आपली झाली, ती कोणाच्या निष्काळजीपणाने विटाळली गेली, तर तिचे मोल किती हे आमच्या लोकांवाचून अधिक कोणास कळणार?

येथे काही भाविक बंधू शंका घेतील की, आपणांस तर क्षमा करावयास शिकविले आहे. मग दावा का लावावा? ही शंका आदराने ऐकण्याजोगी आहे. कोणी आपला अपमान केला, आपले काही घेतले, तर ते सोडून देण्याचा अधिकार आपणांस आहे. परंतु विहीर आपली एकट्याची नाही. शेजाऱ्याचे देणे आपण माफ करू शकत नाही. न जन्मलेल्या लेकरांचे तर मुळीच नाही. कोणी दुसऱ्याच्या नावची हुंडी फाडून टाकली तर त्यास आपण उदार म्हणत नाही. मनातील राग सोडावा. हक्काचे पाणी सोडू नये. ज्याने हानी केली त्याच्याविषयी वैर न धरिता त्याकडून भरपाई मागता येते, आणि ती देऊन तोही आपल्या शेजाऱ्यांसमोर ताठ मानेने उभा राहू शकतो.

कधी धनी सापडत नाही, किंवा तो मेलेला वा भिकेस लागलेला असतो. अशा वेळेकरिता अमेरिकेने १९८६ साली एक निधी उभारिला. मोटारीच्या तेलाच्या दर गॅलनवर एका सेंटचा दहावा हिस्सा कर घेऊन तो साठविला जातो, आणि बेवारशी टाक्यांच्या गळतीचा निस्तार त्यातून होतो. ज्यांनी तेलाचे सुख घेतले त्या सर्वांनी चिमूटभर द्यावे, हा विचार योग्यच आहे. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२५ मध्ये दूषित जागांविषयी नियम केले असून, जबाबदार कोण हे आधी शोधावे, खर्च त्याजकडून घ्यावा, आणि तो न सापडल्यास वा असमर्थ ठरल्यास सरकारने भार उचलावा, असा क्रम ठेविला आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांच्या पेटीत हात घालण्यापूर्वी ज्याचे देणे त्याचे दार ठोठावले पाहिजे; नाही तर लाभ एकाचा आणि तोटा सर्वांचा, अशी रीत पडेल.

आता कर्तव्याचे दोन शब्द. पाण्यास वास, रंग वा तवंग आला तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी, पाणी पिणे थांबवावे, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत त्याची परीक्षा करवावी. ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकारी व प्रदूषण नियंत्रण मंडळ ह्यांस पाठवावा. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज, कारण प्रथम घडल्यापासून सामान्यतः ५ वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून 'पाहू पुढे' असे म्हणत बसू नये. भरपाईच्या अर्जास मागितलेल्या रकमेच्या शंभरावा हिस्सा फी पडते, परंतु दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ती माफ आहे. गावाजवळ नवा पंप होणार असेल, तर तो शाळा, इस्पितळ व वस्ती ह्यांपासून ५० मीटर दूर असावा असे केंद्रीय मंडळाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे; विशेष सुरक्षा केली तरी ३० मीटरांहून जवळ तो नसावा. वाचता येणाऱ्या उपदेशकाने हे न वाचता येणाऱ्या शेजाऱ्यास सांगणे, ही मोठीच सेवा होईल.

आणि दुसऱ्यावर बोट दाखविताना आपले हातही पाहावेत. फवाऱ्याचे पंप विहिरीच्या थारोळ्यात धुणे, औषधाचे रिकामे डबे ओढ्यात फेकणे, ट्रॅक्टरचे जळके तेल बांधावर ओतणे, शौचाचा खड्डा आडाच्या कडेला खणणे, ह्या सर्वांचा पाझर त्याच भेगांतून त्याच पाण्यात जातो. मोठ्या कंपनीस जो नियम, तोच लहान शेतकऱ्यास. माप लहान, एवढाच भेद. जो आपल्या लहानशा खराबीचे मोल न मागता भरतो, त्याच्या तोंडी मोठ्याकडे केलेली मागणी शोभून दिसते.

पाणी हे आपण मागच्यांकडून घेतलेले व पुढच्यांस द्यावयाचे आहे. ज्या स्थितीत ते मिळाले त्याच स्थितीत पुढे पोहोचविणे हे प्रत्येक पिढीचे देणे होय. आणि ज्याच्या हातून ते मध्येच नासले, त्याने ते निर्मळ करून देईपर्यंत त्या देण्याची पावती त्यास कोणी लिहून देऊ नये.